आधी बिऱ्हाड, मग करमणूक

तरुण शहर सोडून चालले की कारभाऱ्यांना एक तोडगा हमखास सुचतो. एखादा जुना भाग निवडायचा, गोदामांना रंग द्यायचा, पब, कॅफे आणि गाण्याचे मंच आणायचे, दिवे उशिरापर्यंत जळते ठेवायचे. या तोडग्याला २००२ साली पुस्तकी आधारही मिळाला. ‘द राइज ऑफ द क्रिएटिव्ह क्लास’मध्ये रिचर्ड फ्लोरिडा यांनी मांडलं की, हुशार माणसं आवडेल त्या शहरात जातात आणि उद्योग त्यांच्या मागे येतात. महापौरांना हे फार मानवलं. कारखाना आणण्यापेक्षा रस्ता सजवणं केव्हाही सोपं!

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने हा प्रयोग करून पाहिला. २००३ मध्ये गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांनी ‘कूल सिटीज’ योजना काढली आणि तरुणांना रुचतील असे भाग घडवायला शहरांना अनुदानं दिली. त्याच दशकात तिथला मोटारउद्योग खचत होता. २०१०च्या जनगणनेत, आधीच्या दहा वर्षांत लोकसंख्या घटलेलं अमेरिकेतलं एकमेव राज्य मिशिगन ठरलं. ही घट योजनेमुळे झाली नाही, हे उघड आहे. पण पगार बंद झाल्यावर माणसाला धरून ठेवण्याची ताकद कॅफेत नसते, एवढं तरी दिसलं.

डब्लिनच्या टेंपल बारची गोष्ट याहून बोलकी आहे. लिफी नदीच्या दक्षिण काठावरचा हा जुना भाग पाडून तिथे मोठं बसस्थानक बांधायचं, असा सरकारी वाहतूक कंपनीचा बेत होता. त्यासाठी तिने इमारती विकत घेतल्या आणि पाडायला वेळ होता म्हणून तोवर थोड्या मुदतीने, स्वस्तात भाड्याने दिल्या. चित्रकार, वादक, जुने कपडे विकणारे, छोटी उपाहारगृहं तिथे आपसूक आली. भाग इतका जिवंत झाला की बसस्थानकच बारगळलं. १९९१ साली, डब्लिन युरोपची सांस्कृतिक राजधानी असताना, सरकारने खास कायदा करून या भागाचा विकास हाती घेतला. चित्रपट केंद्र आलं, नवे चौक आले. त्याबरोबर मोठे पबही आले, लग्नाआधीच्या पार्ट्यांसाठी ब्रिटनमधून टोळकी येऊ लागली, भाडी चढली. ज्या स्वस्ताईने तो भाग घडला होता, तीच त्याच्या विकासात गेली.

मुंबईकराला हे कळायला डब्लिनपर्यंत जायची गरज नाही. कापडगिरण्यांचं गिरणगाव हा तरुणांनी भरलेला भागच होता. कोकणातून, घाटावरून आलेले पोरगेले कामगार एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. त्या आधारावर कामगार रंगभूमी, तमाशाचे फड, भजनी मंडळं उभी राहिली. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या शाहिरीला श्रोते मिळाले. आधी काम, मग खोली, मग करमणूक असा तो क्रम होता. चाळीतल्या त्या दाटीचे गोडवे गाण्याचं कारण नाही, पण क्रम बरोबर होता.

गिरणी कामगारांच्या १९८२च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या. १९९१च्या नियमाने त्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: मोकळी जागा, सार्वजनिक घरं आणि मालक. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि घरांचा वाटा आक्रसला. गिरणगावातल्या लोअर परळला कचेऱ्या, मॉल, पब उभे राहिले. तिथे काम करणारे बरेच तरुण मात्र दूर विरारला किंवा डोंबिवलीला राहतात. लोअर परळच्याच कमला मिलमधल्या पबमध्ये २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जण गेले, तेव्हा या झगमगाटाखालची तपासणी किती पोकळ होती हेही कळलं. जानेवारी २०२०मध्ये मुंबईत काही भागांतले मॉल आणि उपाहारगृहं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली. लोकल मात्र रात्री काही तास बंदच असते.

करमणूक फुकाची आहे, असं मला म्हणायचं नाही. परगावाहून एकट्या आलेल्या मुलीला रात्री अकराला निर्धास्त चालता येईल असा गजबजलेला रस्ता हा शहराचा मोठा गुण आहे. परंतु पब उघडायला नगरपालिकेची मदत लागत नाही. गिऱ्हाईक दिसलं की व्यापारी आपणहून येतो. परवडणारी भाड्याची खोली, रात्रीची बस, तालमीला स्वस्त जागा आणि आगीच्या नियमांची खरी तपासणी यांत कुणाला फारसा नफा नाही. म्हणूनच सार्वजनिक पैसा तिथे घालायला हवा. हे न करता उभारलेल्या करमणुकीच्या भागात तरुण येतील, पण शनिवारी संध्याकाळी. रविवारी त्यांचा पत्ता दुसऱ्याच गावचा असेल.