देवमाशाची किंमत

एका देवमाशाची किंमत किती? 2019 साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नियतकालिकात काही अर्थतज्ज्ञांनी उत्तर दिलं: 20 लाख डॉलरहून जास्त. त्यात पर्यटन आणि मासेमारीबरोबर कार्बनही धरला होता. मोठा देवमासा सरासरी 33 टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन अंगात साठवतो आणि मेल्यावर तो घेऊन समुद्रतळाशी जातो. शिवाय त्याच्या विष्ठेतल्या लोहावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्याही कार्बन शोषतात.

पुढचा हिशेब तुम्हीच करून पाहा. त्या लेखात मोठे देवमासे सुमारे 13 लाख धरले आहेत. गुणिले 33, म्हणजे सव्वाचार कोटी टन. माणसाचं उत्सर्जन वर्षाला 3500 कोटी टनांहून जास्त आहे, म्हणजे दिवसाला साधारण 10 कोटी. सगळ्या देवमाशांच्या अंगातला साठा आपण अर्ध्या दिवसात हवेत सोडतो. विष्ठेमुळे होणारा फायदा यात नाही, पण तो मोजणं फार अवघड आहे. उद्या तोही किरकोळ ठरला तर देवमासा वाचवायचा नाही का?

देवमाशाची अशी मोजदाद नवी नाही. 1972 पर्यंत शिकारीचा कोटा ‘निळा देवमासा’ या एककात ठरे: एक निळा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई. हे प्रमाण तेलावरून ठरलेलं होतं. विसाव्या शतकात सुमारे 29 लाख देवमासे मारले गेले. आता तेलाच्या जागी कार्बन आला, पण ‘आमच्या काय कामाचा?’ हा प्रश्न तोच राहिला.

आकडे नकोत असं मी म्हणत नाही. अनुदानाच्या अर्जात आम्हा संशोधकांनाही ‘उपयोग’ लिहावा लागतो. पण भारतातून आईवडील नातवंडं सांभाळायला येतात तेव्हा डे-केअरचे पैसे वाचतात, हे खरं असलं तरी ‘म्हणूनच बोलावलंत ना?’ असं कुणी विचारलं तर तुम्हाला लागेल. कारण नातवंडं मोठी झाली तरी आईवडिलांचं आपल्यावरचं देणं संपत नाही.

आज देवमासे जहाजांच्या धडकेने आणि जाळ्यांत अडकून मरतात. जहाजांचा वेग कमी करायचा तर माल उशिरा पोचतो, खर्च वाढतो. तो खर्च कार्बनच्या बदल्यात सोसायचा म्हटलं, तर भाव पडताच जहाजं पुन्हा वेग घेतील. 29 लाख मारले म्हणून सोसायचा म्हटलं, तर भाव काहीही असो, तो आपल्याला सोसावाच लागेल. मला दुसरं कारण जास्त भरवशाचं वाटतं.