तो लाल स्टार कुणाचा?

मी प्रोग्रॅमर आहे. लो-कोडचं नाव काढलं की आमच्यातले बरेचजण नाक मुरडतात, मीही मुरडायचो. स्क्रीनवर तयार ठोकळे ओढायचे, एकमेकांना जोडायचे आणि म्हणायचं, ‘मी अ‍ॅप केलं’! आतलं काही न कळता ‘मी केलं’ म्हणायचा हक्क असतो का?

गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्यावरच उलटला. शिष्यवृत्ती देणाऱ्या एका छोट्या संस्थेला अर्जांसाठी अ‍ॅप हवं होतं. ‘फावल्या वेळात करून देतो, चार महिने लागतील,’ असं मी सांगितलं. तिथे हिशेब बघणाऱ्या ताईंनी वाट पाहिली नाही. दोन रविवार बसून त्यांनी लो-कोडवर ते स्वतःच उभं केलं. चाललंही झकास.

मी ते बघायला गेलो होतो, तेव्हाच एका शिक्षिकेचा फोन आला. त्यांच्या विद्यार्थिनीचा अर्ज पुढे सरकत नव्हता. ‘वडिलांचं नाव’ या रकान्यापुढे लाल स्टार होता, म्हणजे भरणं सक्तीचं. त्या मुलीला आईने एकटीने वाढवलेलं. तिला तिथे काही लिहायचं नव्हतं.

“अहो, तो स्टार मी लावलाच नाही,” ताई गोंधळल्या. “तयार नमुन्यातच होता.”

मी मनातून सुखावलो. लो-कोडची खरी अडचण हीच. दुसऱ्या कुणीतरी घेतलेला निर्णय आपल्या नावावर चढतो आणि तो निर्णय आहे हेच आपल्याला दिसत नाही. कोड न लिहिता वापरायचं सगळ्यात ओळखीचं साधन म्हणजे एक्सेल. ब्रिटनमध्ये २०२० साली जवळजवळ १६,००० कोविड रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही. मर्यादा आधीपासून होतीच. वापरणाऱ्यांच्या ती लक्षात नव्हती.

घरी येऊन मी माझे जुने प्रोजेक्ट उघडले. तीन ठिकाणी तोच रकाना, तीच सक्ती. मीच लिहिलेली, खरं तर एकातून दुसऱ्यात चिकटवलेली. मला कोड येत होता, पण त्या ओळीपाशी मी एकदाही थांबलो नव्हतो.

ताईंनी मात्र फोन कानाला लावूनच तो स्टार काढला आणि ‘पालकाचं नाव’ असा बदल केला. संध्याकाळी अर्ज आला. माझ्याकडे हीच तक्रार आली असती, तर ती रांगेत लागली असती. लो-कोडमुळे वेळ वाचतो हे खरंच. पण जिच्या कानावर तक्रार पडते तिच्याच हाती दुरुस्तीही येते, हा फायदा मला मोठा वाटतो. धोकाही तिथेच आहे: ताईंचं काम तपासणारं कुणी नाही. उद्या त्या कंपनीने भाडं वाढवलं किंवा सेवाच बंद केली, तर ते अ‍ॅप जसंच्या तसं उचलून दुसरीकडे नेता येणार नाही.

तरी ‘मी केलं’ म्हणायचा हक्क मी आता ताईंना देतो. चूक कळल्यावर त्यांनी ती आपली मानली. आता अर्ज सुरू होण्याआधी आम्ही दोघं बसतो आणि एकेका स्टारला विचारतो, तू कुणाला अडवतोयस?

त्या शिक्षिकेने फोन केला म्हणून आम्हाला कळलं. ज्या मुलींनी मुकाट्याने स्क्रीन बंद केली, त्यांची नोंद ताईंच्या अ‍ॅपमध्येही नाही आणि माझ्या कोडमध्येही नाही.