निस्तरण्याआधी

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवस आमच्या बाल्कनीत एक निळी बादली होती. तिच्यात गणपती विरघळत होता. उपाय पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा: पाण्यात मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट (बेकरीवाले बिस्किटांत घालतात तेच) टाकायचं, मूर्ती बुडवायची आणि अधूनमधून ढवळायचं. बुडबुडे येतात, अमोनियाचा वास नाकात जातो, आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा खडू होऊन तळाशी बसतो. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे चक्क खत.

मला ही बादली फार आवडली. फक्त पितांबराचा रंग काही विरघळेना. त्याचे पापुद्रे तरंगतच राहिले. रंगात शिसं असेल तर कितीही ढवळा, शिशाचं दुसरं काही होत नाही. ते पाणी तुळशीला घालताना हात अडखळला तो तिथे.

आधी करून ठेवायचं आणि मग निस्तरत बसायचं, ही आपली जुनी खोड. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली. त्यांतलं पहिलंच असं, की कचरा साफ करण्यापेक्षा तो होऊ न देणं बरं. हे आजीनंही सांगितलं असतं. पण रसायनात ‘होऊ न देणं’ म्हणजे नेमकं काय, ते भोपाळकडे पाहिलं की कळतं.

डिसेंबर १९८४ मध्ये तिथे गळलेलं मिथाइल आयसोसायनेट हे अखेरचं उत्पादन नव्हतंच, वाटेतला टप्पा होता. मिथाइल अमाइन आणि फॉस्जीन यांपासून ते करायचं, मग त्यात नॅफ्थॉल मिसळून कार्बारिल हे कीटकनाशक. आता हेच तीन पदार्थ घ्या, क्रम फिरवा: आधी नॅफ्थॉल आणि फॉस्जीन, मागून मिथाइल अमाइन. कीटकनाशक तेच मिळतं, मिथाइल आयसोसायनेट मात्र वाटेत लागतच नाही. फॉस्जीन विषारीच, तेव्हा हा मार्गही काही सोवळा नव्हे. पण जे टाकीत साठवायचंच नाही, ते मध्यरात्री गळणार कुठून?

यंदा मूर्ती ठरवायला गेलो.

“शाडूचीच आहे काका,” मूर्तिकार म्हणाला.

“आणि रंग?”

त्यानं हातातला डबा फिरवून पाहिला. लेबलावर ‘केशरी’ एवढंच छापलेलं होतं.