मागच्या जन्मात परतण्याची सोय

पाचोऱ्यातल्या एखाद्या जिनिंगच्या ऑफिसात हे सहज घडू शकतं. ईमेलसाठीचा थंडरबर्ड आपोआप नवा होतो, जुन्या संगणकाला तो जड जातो. मग कुणीतरी जाणता म्हणतो, ‘मागचंच व्हर्जन टाका ना, चांगलं चालत होतं.’ नवं काढून जुनं बसवलं जातं, आणि थंडरबर्ड उघडायलाच तयार होत नाही. पडद्यावर दोन वाटा दिसतात: नवं प्रोफाइल तयार करा, नाहीतर बाहेर पडा.

नवं प्रोफाइल घेतलं की पेटी कोरी. मालक डोक्याला हात लावतो.

खरं तर गेलेलं काहीच नसतं. प्रोग्राम वेगळा आणि पत्रं, पत्ते, सेटिंग यांचं ‘प्रोफाइल’ नावाचं फोल्डर वेगळं. प्रोग्राम काढला तरी हे फोल्डर सहसा जागच्या जागी राहतं. वेदान्ती याला स्थूल आणि सूक्ष्म शरीर म्हणतील. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला जुनी वस्त्रं टाकून नवी घेणारा देही आपल्या तोंडपाठ आहे. पण नवं वस्त्र फेडून पुन्हा जुनं चढवायचं म्हटलं तर? 2019 साली आलेल्या 68व्या आवृत्तीपासून थंडरबर्ड ही चौकशी करतो. प्रोफाइल शेवटचं कोणत्या आवृत्तीने उघडलं, याची नोंद त्यातल्याच एका छोट्या फाइलीत असते. उघडणारी आवृत्ती त्याहून जुनी निघाली, की तो अडवतो. नव्याने बदललेली मांडणी जुन्याला वाचता येईलच असं नाही, आणि न समजता त्याने त्यात लिहिलं तर पत्रंच बिघडायची.

जन्मांच्या अशाच नोंदीची एक गोष्ट पाचोऱ्यापासून फार लांब नाही. पाचोरा-जामनेर या ‘पीजे’ नावाच्या नॅरोगेज रेल्वेच्या वाटेवर पहूर लागायचं, तिथून अजिंठा जवळ. तिथल्या 17व्या लेण्यात षड्दंत जातक रंगवलेलं आहे. हत्तींच्या राजावर रुसलेली त्याची एक राणी पुढच्या जन्मी माणसाची राणी होते. राग मात्र जुनाच. ती शिकारी पाठवून त्या हत्तीचे सुळे मागवते, आणि ते समोर येताच शोकाने कोसळते. नव्या देहाने जुनी नोंद अगदी बिनचूक वाचली. आत्मा न मानणाऱ्या बौद्ध परंपरेने ही गोष्ट जपावी, हे मोठं गमतीचं. एका दिव्यावर दुसरा लावावा तसं काहीतरी पुढे जातं, एवढंच ती परंपरा मानते. थंडरबर्डची फाइल त्या मताला जास्त जवळची. पाली जातकं 547. त्यांत बुद्ध मागचे जन्म सांगतात. ते आठवण्यासाठी पुन्हा हत्ती होत नाहीत.

थंडरबर्डमध्ये मात्र चोरवाट आहे. ‘अलाउ-डाउनग्रेड’ असा आदेश देऊन जुन्या आवृत्तीला जबरदस्तीने आत घुसवता येतं. पीजेच्या रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर होतं, ब्रॉडगेजचं 1676. त्या रुळांवर मोठा डबा ढकलून पाहण्याइतकंच हे धाडस. करायचंच तर आधी प्रोफाइलच्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. शहाणा मेकॅनिक मात्र ‘बाहेर पडा’ दाबतो, काढलेली नवी आवृत्ती पुन्हा बसवतो आणि जुनं प्रोफाइल निवडतो. पत्रं जशीच्या तशी येतात. संगणक तेवढा पूर्वीसारखाच रखडत चालतो.