पाहुण्याची प्लेट

एका जिल्ह्याच्या गावी, एका रुग्णालयात, जंतूंची प्रयोगशाळा होती. सकाळी आठपासून वॉर्डांतून पू, लघवी, थुंकी, रक्त येत राही. त्यात कुठला जंतू आहे आणि त्याच्यावर कुठलं औषध चालेल, हे तिनं सांगायचं. सांगणारे हात मुख्यतः अण्णांचे. अण्णा तिथले सगळ्यात जुने टेक्निशियन. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर सर्टिफिकेटांच्या तसबिरी ओळीनं लावलेल्या होत्या, आणि त्या पुसायचं काम ते शिपायावर सोडत नसत.

सर्टिफिकेटं कसली, ते सांगायला हवं. प्रयोगशाळा रोज दुसऱ्यांची तपासणी करते. तिची कोण करणार? म्हणून वर्षातून ठरलेल्या वेळी बाहेरून एक पेटी येते. आत छोट्या कुपीत गोठवून वाळवलेला जंतू, एखादी काचपट्टी आणि एक चिठ्ठी: अमुक वयाचा पुरुष, पायाला गळू, पू पाठवला आहे, जंतू ओळखा, औषधं तपासा, अमुक तारखेच्या आत कळवा. पाठवणाऱ्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं. भारतात इंडियन असोसिएशन ऑफ मेडिकल मायक्रोबायॉलॉजिस्ट्स ही संघटना अशी योजना चालवते. रीत तशी जुनी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात बेल्क आणि संडरमन या दोघा डॉक्टरांनी तिथल्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना सारखेच नमुने वाटले. ते रक्तातली साखर वगैरे मोजण्याचे होते, जंतूंचे नव्हेत. उत्तरं एकमेकांना जुळेनात. १९४७ साली त्यांनी ते छापलं, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं की मोजणाऱ्यालाही मोजावं लागतं.

अण्णांची उत्तरं मात्र दरवेळी बरोबर येत. पैकीच्या पैकी.

पेटी आली की तपासणीला साहेब यायच्या दिवशी शाळेचं होई तसं प्रयोगशाळेचं होई. अण्णा स्वतः म्युलर-हिंटन अगार शिजवत आणि प्लेटमध्ये तो बरोबर चार मिलिमीटर भरेल इतका मोजून ओतत. फ्रीजरमधून औषधाच्या डिस्कची न फोडलेली कुपी निघे. जंतूचं पाणी किती गढूळ झालं ते ०.५ मॅकफार्लंडच्या नळीशेजारी धरून, मागे काळ्या रेघांचं कार्ड ठेवून बघत. प्लेटा जात त्या छोट्या इन्क्युबेटरमध्ये. तो एरवी बंदच असे, पण लावला की ३५ अंशांवरून हलत नसे. डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, म्हणजे झोन, दोनदा मोजत. आणि शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका मित्राला फोन: "तुझं काय आलं रे?" उत्तर पाठवायच्या आधी आपसात बोलायचं नाही, असा नियम आहे. पण अण्णा त्याला चौकशी म्हणत.

वॉर्डाच्या सॅम्पलांचा थाट वेगळा. रोज चाळीसेक यायची, माणसं दोन. अगार अंदाजानं ओतायचा, महिनाअखेरीला जरा पातळच. गढूळपणा डोळ्यांनी. प्लेटा मोठ्या इन्क्युबेटरमध्ये, दहा-दहाच्या चळती. त्याच्या आत तेलाच्या बाटलीत बुडवलेला थर्मामीटर ३८ दाखवी, बाहेरची तबकडी ३७. "तो जरा तापट आहे," असं सगळे म्हणत आणि दार लावून टाकत.

त्या वर्षी एक मुलगी नव्यानं कामाला लागली. पेटीचा एक आठवडा तिनं पाहिला आणि मॅडमना विचारलं, "मॅडम, पेटीतला जंतू पेशंटच्या जंतूपेक्षा मानाचा असतो का?"

मॅडम म्हणजे तिथल्या मायक्रोबायॉलॉजीच्या डॉक्टर. त्या हसल्या. उत्तर दिलं नाही, पण पुढची पेटी कुरिअरवाल्याकडून त्यांनी स्वतः घेतली. कुपी फोडली, जंतू वाढवला आणि त्याच्या दोन वाटण्या केल्या. एक पेटीत ठेवून रीतसर अण्णांच्या हाती दिली. दुसरी एका साध्या स्वॅबवर घेतली, नळीवर खाटेचा नंबर लिहिला आणि सकाळच्या ट्रेमध्ये बाकीच्या पुवांच्या ओळीत ठेवून दिली. रिपोर्ट वॉर्डात न जाता आपल्याकडेच येईल एवढी व्यवस्था केली.

तीन दिवसांनी त्यांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं आणि दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले.

पेटीच्या कागदावर होतं: स्टॅफिलोकॉकस ऑरियस, सेफॉक्सिटिनचा झोन १८ मिलिमीटर, रेझिस्टंट, एमआरएसए. वॉर्डाच्या कागदावर: स्टॅफिलोकॉकस ऑरियस, झोन २३, सेन्सिटिव्ह. या डिस्कभोवती २२ किंवा जास्त आले तर सेन्सिटिव्ह, २१ किंवा कमी आले तर रेझिस्टंट. एमआरएसए म्हटलं की पेनिसिलिनच्या घराण्यातली जवळजवळ सगळी औषधं बाद. दुसऱ्या कागदावर विसंबलेला डॉक्टर क्लॉक्सासिलिन सुरू करील आणि ताप का उतरत नाही म्हणून डोकं खाजवील. खाली सही दोन्हींवर एकच.

"अण्णा, हे दोन पेशंट नाहीत," मॅडम म्हणाल्या. "एकच आहे."

अण्णांनी आधी सह्या पाहिल्या. मग काही न बोलता ते उठले, मोठ्या इन्क्युबेटरमधून ती प्लेट काढून आणली, उलटी केली आणि काळ्या कागदावर ठेवून झोनवर पट्टी लावली. तेवीसच. मग त्यांनी एक गोष्ट केली जी ती मुलगी पुढे कुणालाही सांगताना हातानं करून दाखवी: अगारचा एक काप सुरीनं उभा काढला, काचेवर आडवा ठेवला आणि त्याची जाडी मोजली. अडीच मिलिमीटर.

पातळ अगारात औषध जास्त लांब पसरतं आणि झोन फुगतो. त्यात ३५ अंशांच्या वर गेलं की एमआरएसए आपला हट्टीपणा लपवू शकतो. हे अण्णांना पाठ होतं. नव्या मुलांना त्यांनीच शिकवलं होतं.

"मॅडम, पेटीची प्लेट खरी होती," ते म्हणाले.

"होती ना. पण पेटीला गळू नव्हतं."

अण्णा खाली मान घालून बसले. मग त्यांनी रजिस्टर मागवलं. गेल्या तीन महिन्यांत स्टॅफ सेन्सिटिव्ह म्हणून गेलेल्या नोंदींवर लाल पेन्सिलीनं खुणा करत गेले. प्लेटा केव्हाच ऑटोक्लेव्ह होऊन कचऱ्यात गेलेल्या. त्या परत वाचता येणार नव्हत्या. ज्यांना घरी सोडलं होतं ते घरी गेले होते. खुणांपैकी चार जण अजून खाटेवर होते. अण्णांनी वॉर्डात फोन लावले नाहीत. स्वतः जिने चढून गेले आणि नवे स्वॅब घेऊन आले. चौघांतल्या एकाचा एमआरएसए निघाला. त्याचं औषध त्याच संध्याकाळी बदललं.

मोठ्या इन्क्युबेटरचा थर्मोस्टॅट दुरुस्त झाला. चळत पाचावर आली. अगार मोजून ओतायचा ठरलं. त्याला रोज वीस मिनिटं जास्त लागतात, आणि त्यावरून स्टोअरवाल्यांशी आणि वेळापत्रकाशी जी भांडणं झाली ती इथे सांगण्यात अर्थ नाही.

पुढची पेटी आली तेव्हा अण्णांनीच ती उघडली. कुपीला दिवसाचा १७ नंबर दिला आणि १६ व १८ च्या मधे ठेवली.

"अण्णा, छोटा इन्क्युबेटर लावू?" मुलीनं विचारलं.

"अगं, शेजारचे कुठे जाणार आहेत? तिथेच हाही जाईल."

मित्राचा त्या आठवड्यात फोन आला. अण्णांनी त्याच्या मुलीच्या लग्नाची विचारपूस केली आणि ठेवून दिला.

काही आठवड्यांनी निकाल आला. जंतू बरोबर, पण एका औषधात चूक: रेझिस्टंट हवं तिथे अण्णांनी सेन्सिटिव्ह लिहिलं होतं. पैकीच्या पैकी पहिल्यांदाच हुकले. मुलगी घाबरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. अण्णांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला.

"रजिस्टर आण," ते म्हणाले. "१६ आणि १८ नंबरचे पेशंट कोण होते, बघू."