चंदनाचा वास आणि चामड्याचा वास

उपासकाने किंमती सेंट वापरावे काय? प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या घरांतील शिकलेली मुले-मुली आता नोकऱ्यांवर आहेत, त्यांच्या कपाटांत परदेशी सेंटच्या बाटल्या दिसू लागल्या आहेत, आणि त्यावरून घरात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की, ही चैन धम्माला धरून नाही. दुसरे मत असे की, चार लोकांत आपल्याकडे पाहून कुणी नाक मुरडू नये, म्हणून सेंट लावलेच पाहिजे. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. आणि दुसरे तर पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे.

प्रथम शीलाचा विचार करू. पंचशीलात सुगंधाचा उल्लेख नाही. अष्टशीलातील सातव्या शीलात नृत्य, गीत व वाद्य यांबरोबर माळा, गंध आणि विलेपन वर्ज्य सांगितले आहे. पण गृहस्थाला ते उपोसथाच्या दिवसापुरते आहे, रोजचे नव्हे. धम्मपदाच्या पुप्फवग्गात शीलाच्या सुगंधाची थोरवी सांगताना चंदन, तगर आणि कमळ यांची नावे येतात. तथागतांना चंदन हीन वाटले असते, तर शीलाची तुलना करण्यासाठी त्यांनी ते निवडलेच नसते. उत्तमाहून उत्तम काय, हे सांगायचे तर आधी उत्तमाचेच नाव घ्यावे लागते. तेव्हा सुगंध हे पाप नव्हे. प्रश्न आहे तो आपण त्याची किंमत कशी ठरवतो आणि तो कोणासाठी लावतो, हा.

एक उदाहरण घेऊ. न्यूयॉर्कमध्ये २००६ साली सुरू झालेल्या 'ल लाबो' या कंपनीने २०११ साली 'सांताल ३३' नावाचे सेंट बाजारात आणले. 'सांताल' म्हणजे फ्रेंच भाषेत चंदन. ते स्त्रियांचे की पुरुषांचे असा भेद नाही, कुणीही लावावे. एका बाटलीची किंमत एवढी की आपल्यातील कित्येक घरांचा महिन्याचा किराणा तेवढ्यात भागेल. मुंबईला नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने त्याची छोटी कुपी आणली आणि विचारले, "सर, हे खरोखर एवढ्या किंमतीचे आहे का?"

मी म्हटले, "केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी जो मार्ग सांगितला, तोच इथे लावून पाहू. थोरांनी वाखाणले, सगळे म्हणतात, म्हणून मान्य करायचे नाही. तपासायचे."

तपासण्याची रीत सोपी आहे. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या. एकीवर हे सेंट, दुसरीवर आमच्या बाजारातील अत्तरवाल्याचे साधे चंदनी अत्तर. नावे पट्टीच्या मागे लिहिली, म्हणजे हुंगणाऱ्याला दिसू नयेत. एका बैठकीत दोन-तीन वासांपेक्षा अधिक घेऊ नयेत, कारण नाक लवकर थकते. मग थोडे मनगटावर लावून दिवसभर वाट पाहावी. वासातील हलके कण आधी उडून जातात, जड कण मागे राहतात. म्हणून पहिल्या पाच मिनिटांवरून निकाल देणे म्हणजे माणसाच्या कपड्यांवरून त्याचे शील ठरवणे होय.

'सांताल ३३' लावताच प्रथम वेलचीसारखा तिखट, काहीसा हिरवट वास येतो. काहींना तो लोणच्यासारखाही वाटतो. अर्ध्या-पाऊण तासाने तो ओसरतो आणि सुताराच्या दुकानात नुकत्याच कापलेल्या फळीचा कोरडा वास वर येतो. त्यात चंदन आहे, देवदार आहे. आणि या सर्वांच्या खाली, दबलेला पण स्पष्ट, चामड्याचा वास आहे. दुसऱ्या दिवशीही सदऱ्याच्या बाहीवर तो रेंगाळत होता. रचना मेहनतीची आहे, यात शंका नाही. तरीही नाव न पाहता माझ्या पत्नीने अत्तरवाल्याची पट्टी पसंत केली आणि विद्यार्थ्याने दुसरी. दोघेही खरेच बोलत होते, कारण सर्वांची नाके सारखी नसतात. काही लाकडी वासाची द्रव्ये तर कित्येकांना मुळीच जाणवत नाहीत. एवढे मात्र कळले की किंमतीतील मोठा भाग वासाचा नसून नावाचा आहे.

पण मला थांबवले ते त्या चामड्याच्या वासाने. मेलेली जनावरे ओढणाऱ्या, कातडी सोलणाऱ्या आणि कमावणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या हातांना हाच वास होता. त्याच वासाकडे बोट दाखवून त्यांना पाणवठ्यावरून हाकलले गेले. आज तोच वास रसायनांनी कौशल्याने उभा करून बाटलीत भरतात, आणि श्रीमंत माणूस तो मनगटावर मिरवतो! मग घाण कुठे होती? वासात नव्हती. हातांतही नव्हती. ती हुंगणाऱ्याच्या मनात होती.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. जगातील सुगंधी व्यवसायाचे माहेर समजले जाणारे फ्रान्समधील ग्रास हे गाव मुळात चामडे कमावणाऱ्यांचे. कमावलेल्या हातमोज्यांचा उग्र वास झाकण्यासाठी तेथील कारागीर त्यांना सुगंध देऊ लागले, आणि पुढे चामडे मागे पडून सुगंधच त्या गावाचा धंदा झाला. २०१८ साली युनेस्कोने तेथील सुगंधविद्येला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथे कातडे कमावणारा अत्तरकार होऊ शकला. आपल्याकडे त्याच हातांवर जन्माचा शिक्का मारला गेला.

म्हणूनच "आपल्या अंगाला वास येतो असे कुणी म्हणू नये" या भीतीने जो सेंट लावतो, तो नकळत जुने खोटे खरे मानतो. घाम स्वतः जवळजवळ निर्गंध असतो. त्वचेवरील सूक्ष्म जंतूंमुळे त्याला वास येतो, आणि ते जंतू जात विचारून बसत नाहीत. १९२७ सालच्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहा, नीटनेटके नेसा असे सांगितले. तो उपदेश स्वाभिमानाचा होता. स्वच्छता ही स्वतःच्या आदरासाठी असते, लपवणे हे दुसऱ्याच्या भीतीपोटी असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

मग आपले कोणते, हे ओळखावे कसे? त्यासाठी उपोसथाचा दिवस आहे. त्या दिवशी सेंटची बाटली कपाटात राहू द्यावी आणि आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून कामावर जावे. मन निर्धास्त राहिले, तर उरलेले दिवस सुगंध खुशाल वापरावा. तो तुमचा आनंद आहे. मन कचरले, कुणी जवळ आले की आपण अर्धे पाऊल मागे सरलो, तर समजावे की बाटलीत अजून गावकूस शिल्लक आहे. अशा माणसाला महागडे सेंट मुक्त करणार नाही. उलट दर महिन्याला त्याच भीतीचे हप्ते भरायला लावील.

आणि वापरायचे तर करुणेने वापरावे. बसमध्ये, दवाखान्यात, वर्गात दम्याचा कुणी असतो; उग्र वासाने त्याचा श्वास कोंडतो. एक थेंब पुरतो. किंमतही आपल्या मिळकतीच्या मापाने असावी. घरातील मुलीच्या परीक्षेची फी थकवून घेतलेला सुगंध कुणालाही शोभत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने ती बाटली घ्यायची की नाही, हे मी सांगितले नाही. एवढेच म्हटले, "आवडली म्हणून घे. घाबरून घेऊ नकोस."