वाळवंटातील लेकरू

श्रीएकनाथमहाराजांच्या चरित्रातील तो प्रसंग आपण कीर्तनातून अनेकदा ऐकला आहे. पैठणास गोदेच्या तापल्या वाळवंटात एक लेकरू रडत होते. नाथांनी ते कडेवर घेतले, डोळे पुसले, आणि ज्या घरचे होते त्या घरी नेऊन पोचविले. सोवळे आड आले नाही. माउलीहो, कथा ऐकून आपण माना डोलावतो. आपल्या पायाखालच्या वाळवंटाकडे मात्र पाहत नाही.

नाथांची पालखी बीड जिल्ह्यातून पंढरीस जाते. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीकडची जी माणसे आषाढात दिंडीत आपल्याबरोबर चालतात, त्यांतील कितीतरी कार्तिकीला दिसत नाहीत. वारी चुकली म्हणून त्यांस बोल लावू नये. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. नवराबायको मिळून 'एक कोयता'. उचल आधीच दवाखान्यात, लग्नात संपलेली. ती फिटेतो फड सोडता येत नाही. संसार कोपीत. लेकरू बरोबर गेले की शाळेचे अर्धे वर्ष बुडाले. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी आणते. ती वयात येऊ लागली की कोणाच्या भरवशावर ठेवावी, या धास्तीने तिचे लग्न उरकतात, आणि आणखी एक कोयता तयार होतो. याला प्रारब्ध म्हणणारे आमच्यातही आहेत. आम्हांस ते पटत नाही. उचलीची वही काही पांडुरंग लिहीत नाही!

दोन वर्षांमागे मार्गशीर्षात त्याच भागातील एका गावी आम्ही सप्ताहास गेलो होतो. काल्याच्या दिवशी पंगती उठल्या, बुंदी उरली, पण काल्याला धावणारी पोरेच दिसेनात. विचारले, तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या, "महाराज, अर्धं गाव फडावर हाय. माझी दोन नातवंडं बी गेली. ठिवून घेतली असती, पर मला दिसंना. चूल कोण पेटवील?" सात दिवस आम्ही तेथे अन्नदानाचे माहात्म्य सांगत होतो, आणि हे विचारले आठव्या दिवशी.

त्या लेकरांना हवी दोन वेळची भाकरी, निजायला निर्धास्त जागा आणि मायेचे माणूस. शासनाची हंगामी वसतिगृहे यासाठीच आहेत. 2021 साली संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना निघाली. बाबा (1896–1965) याच जिल्ह्यातले, सुपे सावरगावचे. शिरूर कासार तालुक्यात आर्वीचे शांतिवन, गेवराईचे बालग्राम अशा संस्था तर निराधार लेकरांना वर्षभर सांभाळतात. अशा ठिकाणी देणगी द्यावी, एकदा जाऊन यावे, हिशेबही विचारावा. त्यात संकोच कसला? पण वेळ साधली पाहिजे. गाड्या निघून गेल्यावर वसतिगृहाचे दार उघडले, तर आत निजणार कोण?

यंदा त्या गावचा सप्ताह पिठले-भाकरीवर व्हावयाचा ठरला आहे. बुंदी नाही. त्या पैशांची ज्वारी आणि डाळ गाड्या निघण्याआधी शाळेच्या वसतिगृहात पोचावयाची आहे. आजीबाईंच्या दोन्ही नातवंडांची नावे गुरुजींनी लिहून घेतली आहेत.